हेतूचा शोध

‘व्हॅल्व्ह’ या अमेरिकन कंपनीनें २००७ सालीं ‘पोर्टल’ हा व्हिडिओ गेम काढिला व २०११ सालीं त्याचा दुसरा भाग. त्यांतील ‘अ‍ॅपर्चर सायन्स’ ही कल्पित कंपनी माणसांना बंद दालनांत कोंडून त्यांच्यावर अखंड प्रयोग करिते. या प्रयोगांचा हेतु काय, याचा खल खेळाचे चाहते मोठ्या हिरीरीनें करितात. कोणी म्हणतो, ही नव्या यंत्राची चांचणी. कोणास त्यांत एखादा थोर शोध दडलेला दिसतो. आमच्या मतें हा शोधच आडवाटेस गेलेला आहे.

खेळांतलाच पुरावा पाहा. कंपनीचा आरंभ न्हाणीघराचे पडदे करण्यापासून. प्रयोगासाठीं प्रथम अंतराळवीर, ऑलिंपिकपटू आणि युद्धवीर आणले गेले. पुढें साठ डॉलरांच्या आशेनें आलेले निराश्रित. शेवटीं कंपनीचे स्वतःचे नोकर. माणूस स्वस्त होत गेला, प्रयोग थांबले नाहींत. तेथील कारभारी यंत्राची घडणच अशी कीं, चांचणी पार पडली म्हणजे त्यास सुख व्हावें आणि चांचणी नसली कीं कंड सुटावी. हेतु म्हणावयाचा तर तो हाच!

परंतु समजा, उद्यां एखादा उदात्त हेतु सांपडला, मग काय? अलाबामांतील टस्कीगी येथें १९३२ पासून १९७२ पर्यंत अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्यानें उपदंशानें पीडलेल्या सुमारें ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना, उपचार चालू आहेत अशी त्यांची समजूत करून देऊन, उपचारावांचून ठेविलें. पेनिसिलिन सर्रास मिळूं लागल्यावरहि तें त्यांस दिलें नाहीं. रोगाची वाटचाल पाहणें, हा हेतु तेथें अगदीं स्पष्ट होता. त्यानें तें पाप धुतलें गेलें काय?

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेंत पहिलें कलम माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचें आहे. समाजहिताची गोष्ट त्यानंतर येते. हा क्रम सहज लागलेला नाहीं. नाझी वैद्यांच्या खटल्यांतून तो लागला.

‘पोर्टल’ खेळणारा स्वतः कैद्याच्या भूमिकेंत असतो. केकचें आमिष दाखवून त्यास अखेर आगीकडे नेतात. इतकें भोगूनहि तो बाहेर येऊन कंपनीचा हेतु शोधीत बसतो, म्हणजे मालकाची वकिली फुकट पत्करतो. त्यानें विचारावयाचा प्रश्न एकच : मला येथें कोणाच्या परवानगीनें आणलें?