म्हणे, कागद दाखवा!

साम्राज्यं कुणी घालवली नाहीत, ती आपणहून गेली, असा एक सिद्धांत हल्ली व्याख्यानमालांतून मोठ्या ऐटीत मांडला जातो. परवा तो एका विद्वानांच्या तोंडून सविस्तर ऐकला. सारांश असा: दुसऱ्या महायुद्धाने युरोप थकला, वसाहती परवडेनात, म्हणून गोरी मंडळी फाइली नीट लावून, दिवे मालवून घरी गेली. आशिया-आफ्रिकेतली बंडं म्हणजे त्या निरोपसमारंभात मागच्या दाराशी झालेला आरडाओरडा. त्यांनी रक्त सांडलं, बदललं काहीच नाही. आणि अत्याचारांच्या ज्या कहाण्या सांगतात त्यांना पुरावा काय? इंग्रज म्हणजे कागदाचा माणूस, शिंकला तरी नोंद करणारा. घडलं असतं तर कागदावर असतं. इथे टाळ्या पडल्या. विद्वानांचं म्हणणं मी जरा आखडून सांगितलं असेल. त्यांनी ते दीड तास ताणलं होतं, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला.

थकव्याचा मुद्दा आधी उरकतो. ८ मे १९४५ ला युरोपात विजयाचा जल्लोष चालू होता. त्याच दिवशी अल्जेरियातल्या सेतिफमध्ये विजयाच्या मिरवणुकीत स्वातंत्र्याचे फलक निघाले, हिंसाचार उसळला आणि पुढच्या काही आठवड्यांत फ्रेंचांनी हजारो माणसं मारली. चार वर्षं जर्मन टाचेखाली काढून नुकता उठलेला देश हा! हॉलंडने तर उपासमारीचा हिवाळा सोसला होता, तरी इंडोनेशिया परत मिळवायला लाखावर सैनिक समुद्रापार धाडले. आणि पश्चिम युरोपातला सगळ्यात गरीब म्हणून ओळखला जाणारा पोर्तुगाल कधी थकला? गोव्यातून त्याला डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने बाहेर काढलं. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊत तो त्यानंतरही लढतच राहिला, ते १९७४ मध्ये त्याच्याच वैतागलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी लिस्बनचं सरकार उलथवेपर्यंत. थकवा आला हे खरंच. पण तो आणला कुणी, हे विचारायचं नाही असं काही ठरलं आहे का?

बंडखोर रानटी होते, शपथा घेऊन गळे कापत होते, हा दुसरा मुद्दा. विद्वानांच्या डोळ्यांसमोर केनियातले माऊ माऊ होते. कापत होते, हो. लारी या गावी मार्च १९५३ मध्ये त्यांनी बायकामुलांनाही सोडलं नाही. पण त्यांना चिरडायला इंग्रजांनी पुकारलेल्या साऱ्या आणीबाणीत मारले गेलेले गोरे वसाहतवाले ३२, आणि सरकारने फासावर लटकवलेले आफ्रिकी हजाराहून जास्त. तराजू आणलाच आहे, तर त्याला दुसरं पारडंही असावं.

आणि रेल्वे. ती कशी राहील? मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात झाला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. एवढा पैसा ओतल्यावर गाडीला माल हवा, म्हणून डोंगराळ प्रदेशातली सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना दिली, आणि किकुयू लोक जिथे कालपर्यंत कसत होते तिथेच मजूर झाले. १९२० पासून आफ्रिकी पुरुषांच्या गळ्यात ओळखपत्राची धातूची डबी अडकवली. माऊ माऊचं मूळ शपथेत नाही, या जमिनीत आहे. रेल्वेचे उपकार मोजताना निदान रूळ कुठून कुठे आणि कशाला गेले, एवढं तरी पाहावं. हा वाद आपल्याकडे जुनाच. इंग्रजी राज्य ही ईश्वरी योजना आहे असं म्हणणारी मोठी माणसं एकोणिसाव्या शतकात होऊन गेली, आणि त्यांतल्या काहींपाशी घरच्या अन्यायाची खरीखुरी कारणं होती. आजच्या मंडळींपाशी कोणती आहेत, ते मला अजून कळलेलं नाही.

पण मला खरा भावला तो कागदाचा मुद्दा. घडलं असतं तर कागदावर असतं! या वाक्याला एकदा कडकडून भेटलंच पाहिजे.

केनिया स्वतंत्र झाला डिसेंबर १९६३ मध्ये. त्याआधी, १९६१ साली, लंडनच्या वसाहत खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना सूचना धाडल्या: येणाऱ्या सरकारच्या हाती असा एकही कागद लागता कामा नये, ज्याने राणीसरकारची मान खाली जाईल किंवा पोलीस, खबरे आणि अधिकारी अडचणीत येतील. फाइलींची दोन गटांत विभागणी झाली. मागे ठेवायच्या त्या ‘लेगसी’, न्यायच्या किंवा नष्ट करायच्या त्या ‘वॉच’. ‘वॉच’ फाइलींना हात कुणी लावायचा? फक्त युरोपीय वंशाच्या ब्रिटिश प्रजाजनाने. वर्षानुवर्षं तीच फाइल लावणारा, काढणारा, झटकणारा आफ्रिकी किंवा हिंदी कारकून या कामापुरता नालायक ठरला. एखादी फाइल उचलल्याने रांगेत भगदाड दिसत असेल, तर तिच्या जागी निरुपद्रवी जुळी फाइल बनवून ठेवायची. कागद जाळायचे ते पुरते राख होईपर्यंत, आणि मग राखेचाही चुरा करायचा. जाळणं शक्य नसेल तर वजन बांधलेल्या पेट्यांत भरून खोल, प्रवाह नसलेल्या पाण्यात सोडायचे. १९४७ मध्ये दिल्लीत कागद जाळले तेव्हा धूर लोकांच्या डोळ्यांत आला होता, त्यातून साम्राज्य शहाणं झालं होतं. म्हणून १९५७ मध्ये मलायातून कागद लॉऱ्या भरून सिंगापूरच्या नाविक तळावर नेले आणि तिथल्या भट्टीत जाळले. इतका व्यवस्थितपणा पाहून कुणालाही आदर वाटेल. विद्वान म्हणतात ते खरंच आहे, इंग्रज हा कागदाचा माणूस. कागद कसा जाळावा याचाही त्याने कागद केला, आणि तेवढा मात्र जाळायचा राहून गेला.

याबाबतीत इंग्रज पहिले नव्हेत. बेल्जियमच्या राजा लिओपोल्डने १९०८ मध्ये आपलं खासगी काँगो राष्ट्राच्या हवाली करण्यापूर्वी ब्रुसेल्सच्या वाड्यात दफ्तर जाळायला काढलं, तर भट्ट्या आठ दिवस धगधगत होत्या. तरीही तो पकडला गेला, तोही हिशेबानेच. जहाज कंपनीत कारकुनी करणाऱ्या एडमंड मोरेलच्या लक्षात आलं की काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरून येतात, जाताना मात्र बंदुका, दारूगोळा घेऊन जातात. बदल्यात द्यायचा माल जवळजवळ नाहीच. म्हणजे रबर विकत घेतलं जात नव्हतं. पुरावा असाही असतो. फक्त तो वाचायची इच्छा लागते.

केनियात ३ मार्च १९५९ ला, माऊ माऊचे म्हणून पकडलेल्यांना डांबलेल्या होला या छावणीत अकरा कैदी मेले. सरकारचं पहिलं निवेदन काय, तर टाकीगाडीचं पाणी प्यायल्याने दगावले. पुढे चौकशीत निघालं की कामाला नकार दिला म्हणून पहारेकऱ्यांनी त्यांना दंडुक्यांनी मरेस्तोवर बडवलं होतं. पाण्याची गोष्टसुद्धा अधिकृत कागदावरच होती हं! त्याच्या दोन वर्षं आधी केनियाच्या अॅटर्नी जनरलने गव्हर्नरला लिहिलं होतं की पाप करायचंच असेल तर आवाज न करता करायला हवं. अळीमिळी गुपचिळी, आणि तीही सरकारी टपालाने.

हे पत्र आज आपल्याला माहीत आहे, कारण २००९ मध्ये पाच केनियन वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. छावण्यांत आपला छळ झाला, पुरुषांचं खच्चीकरण झालं, स्त्रियांवर अत्याचार झाले, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटिश सरकारचं पहिलं उत्तर असं की ही जबाबदारी १९६३ मध्ये केनिया सरकारकडे गेली. स्वातंत्र्य दिलं, त्यासोबत छळाचं देणंही आंदण दिलं! खटला चालू असताना २०११ मध्ये परराष्ट्र खात्याला कबूल करावं लागलं की हॅन्स्लोप पार्क नावाच्या कडेकोट जागी ३७ माजी वसाहतींच्या ८,८०० च्या आसपास फाइली इतकी वर्षं पडून आहेत. चोरीचा मामला आणि हळूहळू बोंबला. मग सरकारने मुदतीचा मुद्दा काढला: फार वर्षं झाली, आता न्याय्य सुनावणी कशी व्हायची? न्यायाधीशांनी २०१२ मध्ये तो फेटाळला, आणि त्याचं एक कारण असं की कागद भरपूर उपलब्ध आहेत. जून २०१३ मध्ये ५,२२८ जणांसाठी १९९ लाख पौंडांची तडजोड झाली. सरकारने छळ झाल्याचं मान्य केलं, खेद व्यक्त केला, कायदेशीर जबाबदारी मात्र घेतली नाही.

याच संदर्भात पुणे जिल्ह्यातलं सुपे आठवतं. १२ मे १८७५ ला तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे बाजारात जाळले. ते दंगलखोर ठरले, शेकडो पकडले गेले, आयोग बसला, जाडजूड अहवाल निघाला आणि १८७९ चा कायदा झाला. ज्यांनी आपल्याला बुडवणारे कागद उघड्यावर जाळले ते गुन्हेगार. ज्यांनी आपली पापं नोंदवलेले कागद बंद भट्टीत जाळले ते कुशल प्रशासक. आणि दीडशे वर्षांनी आम्ही श्रोत्यांत बसून ऐकायचं की कागद दाखवा.

बरं, मग प्रतिकाराने मिळवलं काय? जानेवारी १९५९ मध्ये लंडनची खलबतं केनियाच्या स्वातंत्र्याचा अंदाज १९७५ च्या आसपास धरत होती. मार्चमध्ये होला घडलं, ब्रिटिश संसदेत त्याची लाज निघाली, आणि जानेवारी १९६० मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये कायदेमंडळात आफ्रिकी बहुमत द्यायची बोलणी झाली. जवळजवळ बारा वर्षं वाचली. छावण्या, पलटणी, फाशीचे खटले यांचा खर्च इतका वाढला होता की राज्य करणं महाग झालं, आणि महाग केलं ते लढणाऱ्यांनी.

शिवाय ही बंडं एकएकटी नव्हती. ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रजांनी डचांची वाट मोकळी करायला सुराबायात जी हिंदी ब्रिगेड उतरवली, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. आपली माणसं दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यावर गोळ्या झाडायला पाठवली गेली, हे अभिमानाच्या यादीत सहसा येत नाही. काही हिंदी शिपाई इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. आणि चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं तेव्हा त्यांच्या मागण्यांत बरं जेवण होतं, समान वागणूक होती, आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा, हीसुद्धा होती. जातिवंत थकवा असा आणला जातो. नैरोबीत जन्मलेले गोवेकर पियो गामा पिंटो यांनी गोव्याच्या मुक्तीसाठी काम केलं, पोर्तुगीजांच्या अटकेच्या भयाने ते केनियाला परतले, आणि १९५४ मध्ये इंग्रजांनी त्यांना माऊ माऊचे साथीदार म्हणून मांडा बेटावर स्थानबद्ध केलं. एका माणसाला दोन साम्राज्यं पुरली.

विद्वानांच्या भात्यात एक बाण अजून आहे, तो मीच काढून देतो. पिंटोंना २४ फेब्रुवारी १९६५ ला गोळ्या घातल्या गेल्या, त्या स्वतंत्र केनियात. माऊ माऊवरची बंदी स्वतंत्र केनियाने उठवली ती २००३ मध्ये. खरं आहे. आणीबाणीत गोऱ्यांच्या बाजूने उभे राहून जमिनी पटकावलेल्या अनेकांची नव्या राज्यात चलती होती, आणि लंडनला दावा लावणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्यांनी तोंड उघडणं त्यांनाही नको होतं. दाव्यातले एक वादी वांबुगू वा न्यिंगी होलाला त्या दिवशी मार खाऊन बेशुद्ध पडलेल्यांपैकी. लंडनने फाइली लपवल्या, नैरोबीने चाळीस वर्षं त्यांची संघटना बेकायदा ठेवली. यातून न्यिंगी चुकीच्या बाजूने लढले असं सिद्ध होत असेल, तर ते कसं, हे विद्वानांनी समजावून सांगावं. कागद नसले तरी चालतील.