आधी मत मागा, मग हिशेब मागा

असोद्याच्या पोरींनो, पोरांनो! अठरा वर्षं पूर्ण झाली की तुम्ही ग्रामपंचायतीला मत देता, लोकसभेलाही देता. पण एसटीनं जळगावला कॉलेजात गेलात, की तिथला तुमचा प्रतिनिधी कोण, हे सूचना फलकावर वाचायचं? देशाचा कारभारी निवडायला तुम्ही लायक आणि वर्गाचा प्रतिनिधी निवडायला नालायक? हे मुकाट्यानं किती दिवस गिळणार?

कॉलेजच्या निवडणुकांत एके काळी पैसा शिरला, हाणामाऱ्या झाल्या, खूनही पडले. हे खरं आहे. म्हणून नव्वदच्या दशकात महाराष्ट्रानं त्या बंद केल्या आणि १९९४च्या कायद्यानं गुणांवर प्रतिनिधी ठरू लागले. गुंडगिरी करणाऱ्यांना शासन व्हायला हवं होतं. मताचा हक्क मात्र सगळ्यांचाच गेला. पहिला आलेला विद्यार्थी हुशार असेलही, पण तो बांधील कुणाला? नेमलेला नेमणाऱ्याचं तोंड बघतो, निवडलेल्याला निवडणाऱ्यांच्या तोंडासमोर उभं राहावं लागतं.

२०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं तो हक्क परत दिला. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी मतदानानं निवडायचा. २०१९मध्ये निवडणुकांची घोषणा झाली. विधानसभेची निवडणूक आली म्हणून त्या लांबल्या, पाठोपाठ कोविड आला. आमदारांची निवडणूक वेळेवर झाली, थांबायचं ते विद्यार्थ्यांनीच!

ही परिषद म्हणजे गॅदरिंगची समिती नव्हे. कायद्यानं तिचे अध्यक्ष आणि सचिव महाविद्यालय विकास समितीचे सदस्य असतात. ही समिती वर्षातून किमान चारदा बसते, कॉलेजचं अंदाजपत्रक तिच्यासमोर येतं. ग्रंथालय, वसतिगृह, मुलींची स्वच्छतागृहं यांवर किती खर्च झाला, हे विचारायची जागा तीच. तिथे तुमची खुर्ची रिकामी असेल, तर फी भरणाऱ्यांच्या वतीनं बोलणार कोण?

आपल्या विद्यापीठाला २०१८मध्ये असोद्याच्या लेकीचं, बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून त्यांची गाणी उरली. तुम्हाला तर लिहिता येतं. मग तुमचं म्हणणं दुसऱ्या कुणी टिपावं म्हणून का थांबता?

उठा! प्राचार्यांना लेखी विचारा: आमची निवडणूक कधी? सह्या गोळा करा, अर्जाची पोच घ्या, उत्तर आलं नाही तर विद्यापीठाकडे जा. मुलींनो, महिला प्रतिनिधीच्या एका जागेवर समाधान मानू नका, अध्यक्षपदाचा अर्ज भरा.

आणि मतपेटी आली, की तिची अब्रू राखा. विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये मान्य केल्या: उमेदवाराचा खर्च पाच हजारांपर्यंत, हजेरी किमान ७५ टक्के, छापील पोस्टर नको, हातानं केलेलं चालेल. पार्टी देणाऱ्याची पार्टी नाकारा, जात सांगणाऱ्याला काम विचारा. निवडून दिलेल्याला दर तीन महिन्यांनी वर्गात उभं करा आणि विकास समितीत काय बोललास ते सांग म्हणा.

हक्क कायद्यात लिहिलेला आहे. तो वसूल करायचा तुम्ही. पहिला अर्ज उद्याच द्या!