साठ मिनिटांचा राजपुत्र

संगणकावरचा खेळ म्हटला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु सगळेच खेळ टाकाऊ नसतात. १९८९ साली अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' जवळजवळ एकट्याने तयार केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रीकरण केले व त्यावरून राजपुत्राच्या हालचाली उतरवल्या. म्हणूनच राजपुत्र कड्याला लोंबकळला की आपलाही जीव टांगणीला लागतो.

दुष्ट वजीर जाफर राजकन्येला तासाची मुदत देतो. लग्न कर, नाहीतर मर. म्हणून १२ टप्पे ६० मिनिटांत पार करायचे. मेलात तर टप्पा पहिल्यापासून, घड्याळ मात्र चालूच! नवख्या पोराला हे फार जाचक आहे. चुकतमाकत शिकायला उसंतच नाही.

आरशातून निघालेली राजपुत्राची सावली शेवटी तलवार उपसून समोर येते. तिच्यावर वार केला तर घाव आपल्यालाच. तलवार म्यान केली तरच वाट सुटते. ही कल्पना मला फारच पटली.

आणि राजकन्या? एकदा उंदीर पाठवून दार उघडून देते, बाकी सारा वेळ नुसती वाट पाहते. खेळणाऱ्या मुलीने विचारले, तिला तलवार का दिली नाही, तर काय सांगायचे?