पाठ झाला, आता वही काढू द्या



आपल्या भुसावळ, यावल, रावेरकडची काही मुले-मुली बारावीनंतर डी.एड.ला जातात. आता त्याला डी.एल.एड. म्हणतात, शिक्षण दोन वर्षांचे. त्यात पोरांना खरा घाम फुटतो तो सराव पाठाला. खऱ्या वर्गापुढे उभे राहायचे, मागे अध्यापक वही घेऊन बसलेले, आणि तास संपला की शेरा. लेक उतरल्या तोंडाने घरी येते, पुन्हा वही उघडते. आपण म्हणतो, "शिकवून आलीस ना? मग आता काय लिहितेस? भाकरी टाक."

अहो, ती आता लिहिते आहे तेच तिचे खरे शिक्षण.

समजा, पाचवीला क्षेत्रफळ शिकवायचे होते. टाचण सुबक. फळ्यावर आयत काढला, 'लांबी गुणिले रुंदी' मुलांनी एका सुरात म्हटले. गणित घातले, तर निम्म्यांनी लांबी-रुंदीची बेरीज केली! आता वहीत "मुले मठ्ठ आहेत" असे लिहिले, की पाठ तिथेच मेला. "चौरस फूट म्हणजे काय, हे मुलांना दिसलेच नाही; मी एकही चौकोन मोजायला दिला नाही," असे लिहिले तर उद्याचा पाठ त्यातूनच निघतो. मैदानात फक्कीने पाच-पाच फुटांवर रेघा मारायच्या. एका चौकोनात केळीचे एक खोड, जागा २५ चौरस फूट. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. मग एकरी खोडे किती? १७४२. पोरगे घरी येऊन हा आकडा सांगेल, तेव्हा बाप मान डोलावेल.

"मुलांनी पाठ उत्साहाने ऐकला," असे रोज एकच वाक्य लिहिणारेही असतात म्हणा. ती वही नुसती भरलेली.

ही झाली एका तासाची गोष्ट. ताराबाई मोडकांपुढे तर सगळी बालवाडीच अडली होती. १९४५ साली त्यांनी समुद्राकाठच्या बोर्डीला खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. आईबापांना दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज गावोगाव आहे ती अंगणवाडी, ती तिथली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेले. तिथे गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. मूल येत नाही, तर आपले कुठे चुकते, एवढेच त्या विचारत राहिल्या.

लेक आज घरी आली की मार्क नंतर विचारा. आधी विचारा, "कोणते पोर कुठे अडले ग?" सांगताना तिचे तिलाच सापडेल. आणि भाकरी आज दुसऱ्या कुणी टाकली तरी चालेल. उद्या तिला आखणीची दोरी लागणार आहे. खळ्यात कुठे टांगली असेल, ती काढून ठेवा.