माझा भोपळ्यासारखा तांब्या

या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी चित्रे मागितली की दरवेळी त्याच तिघाचौघांची येतात. बाकीचे म्हणतात, "आपल्याला नाही बुवा येत." पण पहिली-दुसरीत असताना आपण सगळेच अंगणात काडीने आणि भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढत होतो. मग मध्येच झाले काय?

माझ्या मते दोष खोडरबराचा आहे. एक रेघ वाकडी गेली की खोड, पुन्हा काढ, पुन्हा खोड. शेवटी कागद फाटतो आणि शेजारचा फिदीफिदी हसतो. वही दप्तरात जाते ती जातेच.

आणि ते ठरलेले निसर्गचित्र! दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, आकाशात चारच्या आकड्यांचे पक्षी. आपल्या गावाला नदी नाही, साधा ओढा आहे, तरी आपली नदी काढायचीच. त्यात बघायचे असते काय?

मी सुट्टीत घरचा तांब्या काढायला घेतला. आई म्हणाली, "भोपळा छान आलाय." (परीक्षेत नव्हे, चित्रात!) फार राग आला. पण पान फाडले नाही. खाली तारीख टाकली नि दुसऱ्या दिवशी परत बसलो. तेव्हा एक गंमत कळली. तांब्याचे तोंड उभे राहून वरून पाहिले तर गोल, बसून पाहिले तर चपटे, आणि डोळ्यांसमोर नीट धरले तर नुसती आडवी रेघ! मी मात्र न बघताच गोल काढत होतो. दहाव्या दिवशीचा तांब्या पाणी भरण्याजोगा झाला. पहिले पान फाडले असते तर हे मला कळलेच नसते.

वारली चित्रांत तर माणूस म्हणजे दोन त्रिकोण, वर गोल डोके आणि काड्यांचे हातपाय. एवढ्यातच नाच, लग्न, शेती सगळे येते. तीच चित्रे काढणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. साधे आकार म्हणून कोणी लाजायचे कारण नाही.

म्हणून गुरुजींना व संपादक मंडळाला माझी विनंती आहे. पुढच्या अंकात एक कोपरा राखून ठेवा. त्यात सुबक चित्रे नकोत. एकाच वस्तूचे पहिले चित्र आणि दहावे चित्र शेजारी शेजारी लावा, खाली तारखा घाला. सुरुवातीला माझा भोपळा लावा. हसायचे त्यांनी खुशाल हसावे, पण दुसऱ्या दिवशी आपापला तांब्या घेऊन यावे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी