आठ सेकंदांचे अवतरण

२०१६ च्या मार्च महिन्यात इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने क्रिकेटसंबंधीच्या एका खटल्याचा निकाल दिला. इंग्लंड आणि वेल्सचे क्रिकेट मंडळ व स्काय ही प्रक्षेपण कंपनी वादी होती. 'फॅनॅटिक्स' या ॲपचे चालक प्रतिवादी होते. या ॲपवर कंपनीचे कर्मचारी आणि सामान्य रसिक दूरचित्रवाणीवरील सामन्यांचे जास्तीत जास्त आठ सेकंदांचे तुकडे टाकीत व त्यांना आपली टिप्पणी जोडीत. तासन्‌तास चालणाऱ्या प्रक्षेपणाच्या तुलनेत आठ सेकंदांचे प्रमाण नगण्य आहे, हे न्यायमूर्ती अर्नोल्ड यांना मान्य होते. तरीही हे तुकडे प्रक्षेपणाचा लक्षणीय अंश ठरतात, असा निर्णय त्यांनी दिला. कारण बहुतेक तुकड्यांत पडणारा बळी, फेटाळले गेलेले अपील, पुरे होणारे शतक असेच काही होते. म्हणजे जे सामन्यात पाहण्याजोगे होते, नेमके तेच उचलले गेले होते.

साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकाने हे कारण दोनदा वाचावे. समीक्षकाने पाचशे पानांच्या कादंबरीतून नेमका कळीचा उतारा उचलला तर त्याच्या मर्मदृष्टीची वाखाणणी होते. भरताड उतारे दिले तर त्याला संहिता कळली नाही असे म्हटले जाते. येथे मात्र निवडीतील अचूकपणा हाच अपराधाचा पुरावा झाला. चाहत्याने निरर्थक आठ सेकंद उचलले असते तर तो कदाचित सुटला असता. फॅनॅटिक्स हे नफ्यासाठी चालविलेले ॲप होते आणि तेथील पुष्कळ तुकड्यांना टिप्पणीचे केवळ शेपूट होते, हे खरे. न्यायमूर्तींनी घटनांचे वृत्त देण्याचा अधिकार केवळ व्यावसायिक पत्रकारांचा नाही, हेही मान्य केले होते. प्रश्न त्या कंपनीचा नाहीच. प्रश्न आहे तो चलच्चित्रातून अवतरण घेण्याचा हक्क कोणाला आहे, हा. मराठी समीक्षेने याकडे आजवर पाठ फिरविली आहे, आणि हे प्रकरण क्रीडापानाचे असल्याची तिची समजूत सोयीची असली तरी चुकीची आहे.

बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन करीत किंवा वि. वि. करमरकर वृत्तपत्रातून सामन्याचे विश्लेषण करीत, तेव्हा ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो चेंडू पाहिलेला नसे. शब्दांनाच चेंडू टाकावा लागे आणि शब्दांनाच तो टोलवावा लागे. 'यष्टीचीत', 'पायचीत', 'त्रिफळाचीत' यांसारख्या शब्दांनी मराठी श्रोत्याला जे दाखविले ते डोळ्यांनी दिसलेल्यापेक्षा उणे नव्हते. दूरचित्रवाणीनंतर ही स्थिती बदलली. प्रेक्षकाने फटका पाहिलेला आहे; आता त्याला तो पुन्हा, थांबवून, दुसऱ्या फटक्याशेजारी ठेवून पाहायचा आहे. लक्ष्मणने २००१ च्या मार्चमध्ये ईडन गार्डन्सवर काढलेल्या २८१ धावा सर्वांना पाठ आहेत. पण वॉर्नने लेगस्टंपाबाहेरच्या खरबरीत जागेत टाकलेल्या चेंडूला तो एकदा पुढे सरसावून कव्हरमधून आणि एकदा मिडविकेटकडे कसा धाडतो, हे दोन फटके लागोपाठ मांडणारा चाहता केवळ मनोरंजन करीत नाही. तो एक विधान करतो, की फिरकी गोलंदाजाचा टप्पा आणि फलंदाजाचा प्रतिसाद यांत गृहीत धरलेले एकास एक नाते या डावात मोडले. या विधानाला पुरावा लागतो, आणि तो पुरावा चित्रातच आहे. कवितेविषयी लिहिणाऱ्याला ओळी उद्धृत करण्याची मुभा नाकारली तर समीक्षेचे काय उरेल, याची कल्पना करून पाहावी.

या वादात न्यायालयांनी नकळत सौंदर्यशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकले आहे, याचीही नोंद घेतली पाहिजे. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगसंबंधीच्या निकालात फुटबॉलचा सामना ही बौद्धिक निर्मिती ठरू शकत नाही, असे म्हटले. कारण खेळ नियमांनी बांधलेला असतो व त्यात स्वामित्वहक्काला आवश्यक असे सर्जनस्वातंत्र्य उरत नाही. नियम म्हणजे सर्जनाचा अभाव हे प्रमेय ओवीला किंवा आर्येला लावले तर काय निष्पन्न होईल, हे मराठीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. सामना कोणाच्याही मालकीचा राहू नये, हा या निकालाचा परिणाम स्वागतार्हच आहे. आक्षेप कारणमीमांसेवर आहे. कारण तिचा उत्तरार्ध असा, की खेळणारा कर्ता नव्हे, पण त्याच्याकडे कॅमेरा रोखणारा, कोन निवडणारा, पुनर्दर्शनाची वेळ ठरविणारा मात्र कर्ता. खेळाडूने केलेली कृती कोणाचीच नाही आणि ती पाहण्याची कृती कंपनीची आहे. मग दुसऱ्या पाहणाऱ्याने, म्हणजे चाहत्याने, आपल्या निवडीने व क्रमाने त्या पाहण्यावर भाष्य केले तर त्याच्या पाहण्याला कर्तृत्व का नसावे? पहिल्या प्रेक्षकाला जे दिले ते दुसऱ्याला नाकारण्यासाठी गुंतवणुकीखेरीज दुसरे कारण सापडत नाही.

याला उत्तर म्हणून उत्तर-संरचनावादाचा आधार घेण्याची सवय विद्यापीठांतून रुजली आहे. बार्थने लेखकाचा मृत्यू घोषित केला, प्रत्येक संहिता अवतरणांची वीण असते, तेव्हा सर्वांचे सर्व काही सर्वांसाठी! हा युक्तिवाद आळशी आहे आणि चाहत्याच्या बाजूने तो मुळीच उपयोगी पडत नाही. संपूर्ण सामना उचलून जसाच्या तसा दुसऱ्या नावाने प्रसृत करणारा आणि वॉर्नच्या दहा चेंडूंतून एक सिद्धान्त मांडणारा, या दोघांना तो एकाच पंक्तीला बसवितो. त्यापेक्षा राजशेखर अधिक कामाचा आहे. काव्यमीमांसेत त्याने हरणाचा विचार नीतीच्या उंच आसनावरून केलेला नाही. कवी उसनवारी करतातच हे धरून त्याने तिच्या प्रती लावल्या. आनंदवर्धनाकडून आलेले प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य आणि तुल्यदेहितुल्य हे भेद त्याने विस्तारले व त्यांना परपुरप्रवेशाची जोड दिली. आरशातल्या बिंबासारखे जे केवळ मूळचेच असते ते त्याज्य. मुळाशी वस्तू एकच असूनही जिची रचना सर्वस्वी वेगळी होते, त्या परपुरप्रवेशात कवीचे कर्तृत्व आहे. चाहत्यांच्या क्षणचित्रांना हीच प्रतवारी लावता येते. पुष्कळशी क्षणचित्रे प्रतिबिंबकल्प आहेत, हे निःसंकोच मान्य करावे. थोडी तशी नाहीत, आणि वाद त्या थोड्यांसाठी आहे.

आता ज्या यंत्राकडे हा विवेक सोपविला गेला आहे त्याकडे पाहावे. यूट्यूबने २००७ पासून 'कन्टेन्ट आयडी' ही व्यवस्था वापरात आणली. हक्कधारक आपल्या चित्रफितींच्या मूळ प्रती तिच्याकडे देतो. नवी चित्रफीत आली की यंत्र ती त्या प्रतींशी ताडून पाहते. जुळली तर ती अडवायची, तिच्यावरचे जाहिरातींचे उत्पन्न आपल्याकडे वळवायचे की तिच्यावर केवळ नजर ठेवायची, हे हक्कधारक आधीच ठरवून ठेवतो. यंत्राला साम्य कळते, प्रयोजन कळत नाही. राजशेखराच्या चार भेदांपैकी त्याला एकच भेद ओळखता येतो. आणि गंमत अशी, की तोही नीट ओळखता येत नाही: सराईत चोर चित्र आरशातल्यासारखे उलटे करतात, डावखुरा फलंदाज उजवा होतो, गती किंचित वाढवितात, भोवती चौकट घालतात, आणि पुष्कळदा यंत्राला चकवून जातात. भाष्यकाराला असे करता येत नाही. अवतरण शुद्ध असले पाहिजे हा त्याच्या व्यवसायाचा धर्म आहे. बुमराहचे मनगट उलट्या बाजूला दाखवून गोलंदाजीचे विश्लेषण कसे करणार? म्हणजे प्रतिबिंब शब्दशः प्रतिबिंब झाले की सुटण्याची शक्यता वाढते आणि प्रामाणिक अवतरण सापडते.

हक्कधारकांचा मुख्य आक्षेप पैशाचा आहे आणि तो तुच्छतेने उडवून लावण्यासारखा नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल सामन्यांचे माध्यमहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम देणारा आपले कुंपण राखणारच, आणि सामना चालू असताना चौकार, बळी दाखविणाऱ्या तुकड्यांनी त्याच्या विक्रीला धक्का बसतो हा इंग्लंडमधील न्यायालयाचा निष्कर्षही पटण्याजोगा आहे. पण मग फरक करा. चालू सामन्याचा तुकडा आणि वीस वर्षांपूर्वीच्या डावाचे विश्लेषण यांत बाजारपेठेच्या दृष्टीनेही जमीन-अस्मानाचे अंतर आहे. यंत्र हे अंतर स्वतः मोजत नाही. हक्कधारकाला ते मोजायला सांगता आले असते. सांगण्याची त्याला गरज वाटत नाही, कारण न सांगण्याचे मोल त्याला द्यावे लागत नाही.

जुन्या चित्रणांचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला पाच बाद १७ अशा अवस्थेतून कपिलदेवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. त्या डावाचे चलच्चित्र उपलब्ध नाही. तो उरला आहे धावफलकात, छायाचित्रांत आणि सांगणाऱ्यांच्या तोंडी. प्रसारणसंस्थांनी जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्याचा इतिहास अनेक देशांत आहे. ज्यांनी घरच्या यंत्रावर सामने उतरवून ठेवले ते चाहते हे अनेकदा अनाहूत अभिलेखपाल ठरले. ऑस्ट्रेलियातील अशाच एका संग्राहकाची वर्षानुवर्षे जोपासलेली यूट्यूबवरील वाहिनी २०२० मध्ये स्वामित्वहक्काच्या तक्रारीमुळे बंद पडण्याच्या बेतात आली, तेव्हा जगभरचे क्रिकेटरसिक हळहळले. हळहळ ही काही कायदेशीर तरतूद नव्हे.

भारतीय कायद्यातील मुदतींची गुंतागुंतही येथे पाहण्यासारखी आहे. २२ आणि २४ एप्रिल १९९८ रोजी शारजात तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध काढलेल्या १४३ आणि १३४ धावा घ्या. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे प्रसारणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क पंचवीस वर्षांचा. त्या हिशेबाने तो २०२३ च्या अखेरीस संपतो. पण त्याच सामन्याचे ध्वनिमुद्रित चित्रण चलच्चित्रपट मानले तर साठ वर्षांची मुदत लागू होऊन कुलूप २०५८ च्या अखेरीपर्यंत राहते. त्या दिवशीचे वाळूचे वादळ शाळकरी वयात पाहिलेला प्रेक्षक तोवर सत्तरीच्या घरात पोहोचलेला असेल. त्यातच १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाने, क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले होते, याची आठवण झाली की विसंगती अधिकच टोचते. लहरी लोकांच्या, स्मरण मात्र परवान्याचे.

वस्तुतः याच कायद्यात चाहत्याला वाट ठेवलेली आहे. कलम ५२ टीका व परीक्षणासाठी उचित व्यवहाराची मुभा देते. कलम ३९ तर प्रसारणाचे अंश चालू घडामोडींच्या वृत्तासाठी, तसेच प्रामाणिक परीक्षण, अध्यापन किंवा संशोधन यांसाठी वापरणे हा हक्कभंग मानीत नाही. मध्यस्थ मंचाने तक्रारीवरून मजकूर एकवीस दिवस अडवावा आणि तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता यावा, अशीही तरतूद आहे. व्यवहारात मात्र चाहत्याची गाठ पडते ती १९९८ च्या अमेरिकन कायद्यावर बेतलेल्या कार्यपद्धतीशी. तीन तक्रारी कायम झाल्या की वाहिनीच नष्ट होते. प्रतिदावा करायचा तर आपले नाव व पत्ता तक्रारदाराच्या हाती द्यावा लागतो आणि मंचाचे कार्यालय जेथे असेल तेथील अमेरिकन संघीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. नांदेडच्या किंवा सांगलीच्या विद्यार्थ्याने लक्ष्मणच्या दोन फटक्यांसाठी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाला मान तुकवायची! तेथल्याच एका अपील न्यायालयाने २०१५ मध्ये तक्रार धाडण्यापूर्वी उचित वापराचा विचार करणे हक्कधारकावर बंधनकारक आहे, असे ठरविले. पण हा विचार कोणी, कोणत्या दृष्टीने करायचा, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

परीक्षण, अध्यापन आणि संशोधन: कलम ३९ मधील हे तिन्ही शब्द विद्यापीठांच्या भाषाविभागांचे आहेत. संहितेची मालकी, अवतरणाची मर्यादा, अनुकरण आणि नवनिर्मिती यांतील सीमारेषा यांवर तेथे परिसंवाद होतात आणि प्रबंध लिहिले जातात. पण या सीमारेषा जेथे प्रत्यक्षात रोज आखल्या जात आहेत तेथे बोलते आहे ते यंत्र आणि कंपन्यांचे वकील. एखाद्या चाहत्याने कलम ३९ चा आधार घेऊन भारतीय न्यायालयात दाद मागितली, तर त्याच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभे राहण्यास साहित्याचा एखादा प्राध्यापक पुढे यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. समोरची चित्रफीत प्रतिबिंब आहे की परपुरप्रवेश, हे न्यायालयाला समजावून सांगण्याइतके शिक्षण त्याच्यापाशी आहे, आणि त्याचे वेतन त्यासाठीच दिले जाते.