हिटलरला मतं कोणी दिली?



मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, हिटलर एवढा वाईट होता, तर लोकांनी त्याला मतं का दिली? सगळे वेडे होते का?" तास संपत आला होता. "पुढच्या वर्गात शिकशील," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना.

लोक वेडे नव्हते. जर्मनी हा शिकलेल्या लोकांचा देश होता. पण पहिल्या महायुद्धातला पराभव आणि 1919 चा व्हर्सायचा तह लोकांच्या मनात सलत होता. 1923 मध्ये पैशाची किंमत इतकी घसरली की आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. तरीही हिटलर लगेच मोठा झाला नाही. त्याच वर्षी म्युनिकमधला त्याचा उठाव फसला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. 1928 च्या निवडणुकीत त्याच्या नाझी पक्षाला फक्त 2.6 टक्के मतं होती.

मग 1929 ची जागतिक मंदी आली. बेकारांची संख्या 60 लाखांच्या घरात गेली. चूल पेटत नसेल तेव्हा माणसाला सोपं उत्तर हवं असतं. हिटलरने ते दिलं. दोष ज्यूंचा, दोष कम्युनिस्टांचा, मी सगळं ठीक करतो! जुलै 1932 मध्ये त्याला 37 टक्के मतं पडली आणि त्याचा पक्ष सर्वांत मोठा झाला.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगायला हवी. खुल्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळालं नाही. नोव्हेंबर 1932 मध्ये तर त्याची मतं घटली होती. तरीही 30 जानेवारी 1933 ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमलं. याला आपण मुठीत ठेवू, असं आजूबाजूच्या पुढाऱ्यांना वाटलं. महिन्याभरात संसद भवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढून नागरिकांचे हक्क काढून घेतले. 23 मार्चला संसदेनेच कायदे करण्याचा अधिकार त्याच्या सरकारला दिला. विरोधात फक्त 94 मतं पडली. जुलैपर्यंत देशात एकच पक्ष उरला.

लोकांनी हे चालू का दिलं? भीती होतीच. पण रोजगार वाढत होता, घरोघरी स्वस्त रेडिओ येत होते, "निदान शिस्त तरी आली" असं वाटत होतं. शेजारच्याची नोकरी गेली, पण आपली राहिली ना!

आणि शिक्षक? ज्यू शिक्षकांना काढून टाकलं. उरलेल्यांपैकी बहुतेक जण नाझी शिक्षक संघटनेत गेले. गणिताच्या पुस्तकात उदाहरणं आली की मनोरुग्णांवर सरकारचा खर्च किती होतो, तेवढ्या पैशात किती घरं बांधता येतील. मुलांनी मुकाट्याने भागाकार केला. पुढे 1939 पासून त्याच सरकारने अशा रुग्णांना ठार मारायला सुरुवात केली. ते उदाहरण फळ्यावर लिहिणारा हात माझ्यासारख्याच एका मास्तरचा होता, हे मला अस्वस्थ करतं.

आता माझ्या वर्गाचं सांगतो. गेल्या वर्षी एक मॉनिटर फार कडक होता. वर्ग एकदम शांत असायचा. मुलंही म्हणायची, "सर, त्यालाच ठेवा." मीही खूश होतो. नंतर कळलं, तो रोज एकाच मुलाला उभं करायचा आणि बाकीचे हसायचे. त्या मुलाची बाजू कोणी घेतली नाही. मीही विचारलं नाही, कारण वर्ग शांत होता ना!

मॉनिटर म्हणजे हिटलर नव्हे, तो बिचारा लहान मुलगा. पण शांततेच्या बदल्यात एकाचा त्रास चालवून घ्यायची सवय मात्र तिथेच लागते. माझं स्पष्ट मत आहे, हुकूमशहांचा धडा सनावळ्या पाठ करून संपत नाही. "हे का?" असं विचारणाऱ्या मुलाला आपण शाळेत आणि घरी गप्प बसवतो की बोलू देतो, यावर बरंच काही ठरतं.

परवा मी त्या मुलीला वर्गासमोर प्रश्न पुन्हा विचारायला लावला. अख्खा तास त्यातच गेला. पोर्शन मागे पडला, पण हरकत नाही. तुमच्या मुलाने असं काही विचारलं, तर "नंतर सांगतो" म्हणू नका. मी म्हणालो होतो, म्हणून सांगतोय.